सातबाऱ्यावर एकतीस, गावात एक

गौरी-गणपतीच्या दिवसांत आमच्या वाडीत पाय ठेवायला जागा नसते. मुंबई, ठाणे, विरार, पुणे इथून आलेल्या गाड्या साकवापाशी एकामागे एक उभ्या असतात. रात्री प्रत्येक खळ्यात भजन रंगतं, आरत्यांना आवाज कमी पडत नाही. त्या दिवसांत कुणी आमची वाडी पाहिली आणि कोकणातली माणसं कमी होत आहेत असं त्याला सांगितलं, तर तो हसेल. मग गौरी-गणपती बोळवले जातात, आणि पुढच्या दोन दिवसांत दारांना एकेक करून कुलपं लागतात. माझंही कुलूप त्यातलंच. मी डोंबिवलीचा रहिवासी आहे. राजापूर तालुक्यातलं हे गाव माझं आहे असं मी कुणालाही अभिमानानं सांगतो, आणि वर्षातले जेमतेम पंधरा दिवस तिथं राहतो.

गेल्या गणपतीत निघताना भाऊ गाडीपाशी आले. भाऊ म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, सत्तरी ओलांडलेले. आमच्या भावकीतून गावात बारा महिने राहणारे ते आणि वहिनी, एवढेच. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. म्हणाले, "एवढी सही देऊन जा. काजूची कलमं लावायचीत. सगळ्यांच्या संमतीशिवाय प्रकरण पुढं जात नाही." मी घड्याळ पाहिलं, घाटातली गर्दी आठवली आणि म्हणालो, "भाऊ, वाचून बघतो, शिमग्याला येतो तेव्हा देतो." भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा पिशवीत ठेवला. ते न बोलणं मला चिपळूणपर्यंत पुरलं, आणि आजचा हा लेख त्यातूनच निघाला आहे.

आधी थोडे आकडे. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे आकड्यांशिवाय मला बोलता येत नाही.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक माणसं कमी. शेजारच्या सिंधुदुर्गात, जो १९८१ मध्ये रत्नागिरीतूनच वेगळा झाला, ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१. या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास सोळा टक्क्यांनी वाढली. ती घटली असे जिल्हे राज्यात तीनच निघाले. दोन आमचे आणि तिसरा कोणता, तर मुंबई शहर! तिथले आकडे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आले. आणि त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

या तीन घटत्या आणि एका फुगत्या आकड्यात आमच्या दोन पिढ्यांची गोष्ट आहे. गिरणगाव आणि कोकण ही एकाच दोरीची दोन टोकं होती. दोरी तुटली, दोन्ही टोकं सैल पडली, आणि मधली माणसं डोंबिवली-विरारला जाऊन पडली.

पण माणसं गावातून गेली का, हे समजायला जमिनीकडे बघावं लागतं. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये साठ-पासष्ट किलोमीटर रुंदीची आणि एकशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास लांबीची ही पट्टी. सपाटी म्हणाल तर ती जांभ्या दगडाच्या सड्यावर, जिथं पावसाळ्यानंतर गवताखेरीज काही टिकत नाही. शेती खाली, वहाळाच्या दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या मळ्यांत. पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि उतार एवढा की त्यातला बहुतेक समुद्रात निघून जातो. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या सगळ्या नद्या सह्याद्रीत जन्मतात आणि हाकेच्या अंतरावर समुद्राला मिळतात. म्हणून जून-जुलैत ज्या वाडीला पाण्यानं वेढा पडतो, तीच वाडी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघते. हा विनोद नाही, दरवर्षीचा अनुभव आहे.

अशा जमिनीवर गाव एका जागी वसत नाही. देशावरच्यासारखी एक वेस, एक पार आणि भोवती घरं, असं आमच्याकडे नाही. गाव म्हणजे दहा-बारा वाड्या. एक वहाळाच्या अलीकडे, एक पलीकडे, धनगरवाडा वर डोंगराच्या कुशीत. कागदावर ग्रामपंचायत एकच, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला तासभर चालावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

भात चार महिन्यांचं, खाणारी तोंडं बारा महिन्यांची. त्यात खोतीची पद्धत. राबायचं कुळानं आणि मोठा वाटा खोताचा. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात विधेयक मांडलं, आणि खोती कायद्यानं संपली ती १९४९ च्या अधिनियमानं. तोवर कोकणचा तरुण मुंबईच्या गिरणीत पोचलेला होता. आमच्या वाडीची परळला खोली होती. एका खोलीत पंधरा-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. गावाला मनीऑर्डर यायची. पोस्टमन हा आमचा अर्थमंत्री होता म्हणा ना! पुरुष मुंबईत, बायका गावात. रत्नागिरीत २००१ मध्ये हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्येही ११२२. कुणी या आकड्याचं कौतुक करतं तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. त्यात मुलींना मिळणाऱ्या मानापेक्षा पुरुषांच्या गैरहजेरीचा भाग मोठा आहे. नांगर सोडून शेतातलं सगळं काम या बायकांनी केलं, आणि जमिनीच्या कागदावर मात्र त्यांचं नाव नसायचं.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९१ ते ९४ मी याच जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना नुकतीच सुरू झाली होती. आंबा-काजूची लागवड जोरात होती. एक दिवस एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. नवरा मुंबईत, गिरणी १९८२ च्या संपानंतर बंद पडलेली, तो कुठंतरी रखवालदारी करत होता. बाईला काजूच्या बागेभोवती गडगा घालायला आणि विहिरीला कर्ज हवं होतं. मी सातबारा बघितला. त्यावर सासऱ्याचं नाव, ते वारलेले. दिरांची नावं, आत्यांची नावं, एकूण अकरा. मी म्हणालो, "बाई, या सगळ्यांची संमती आणा." ती म्हणाली, "साहेब, ही माणसं मला लग्नानंतर दिसलेली नाहीत. त्यांना कुठं शोधू?" मी तिला कागद परत केले. नियमानं बघितलं तर माझं चुकलं नव्हतं. तारण म्हणून जी जमीन घ्यायची तिचे सगळे मालक सहीला हवेतच. पण ती बाई पुन्हा आली नाही. मी कादंबऱ्या लिहितो, त्यात तिला दोनदा आणलं, दोन्ही वेळा तिला कर्ज मिळवून दिलं. लेखकाला एवढं सोपं असतं.

पुढं रेल्वे आली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा आम्हा मंडळींना वाटलं होतं, आता माणसं परत येतील. रूळ मात्र दोन्ही दिशांना जातात, हे आम्ही विसरलो. जो पूर्वी एकटा मुंबईला जायचा आणि बायको-मुलं गावी ठेवायचा, तो आता सगळं बिऱ्हाड घेऊन गेला. परळच्या खोलीत बायकोला जागा नव्हती, नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमध्ये झाली. मुलांना इंग्रजी शाळा मिळाली. यात वाईट काय आहे? काहीच नाही. मीही तेच केलं. ज्यांनी पन्नास वर्षं नवऱ्यापासून लांब राहून शेतं सांभाळली, त्यांच्या मुली-सुना नवऱ्याबरोबर राहू लागल्या, याबद्दल गळा काढणारा मी नव्हे. गाव ओस पडलं म्हणून हळहळणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

आणि गाव अगदीच ओस आहे असंही नाही. आंब्याचा मोहर आला की बागांमध्ये नेपाळहून आलेले रखवालदार दिसतात. काही सहकुटुंब असतात, त्यांची मुलं आमच्या मुलांहून चांगली मराठी बोलतात. मासेमारीच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, चिरेखाणींवर कर्नाटकातले मजूर. आम्ही मुंबईला जाऊन जे केलं, तेच ते आमच्याकडे येऊन करत आहेत. आमच्या आजोबांना परळला कुणी ‘घाटावरचे’, ‘कोकणे’ म्हणून हिणवलं असेल, तर त्याची आठवण ठेवून आपण या माणसांशी वागायला हवं, एवढं सुचवून पुढं जातो.

मग प्रश्न कुठं आहे? प्रश्न ग्रामपंचायतीच्या, पंचायत समितीच्या आणि जिल्हा परिषदेच्या कारभारात आहे. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं त्यांना घटनेचा आधार मिळाला. या सगळ्या रचनेचं माप एकच आहे, डोकी. ग्रामपंचायतीत सात सदस्य की सतरा, हे गावच्या लोकसंख्येवर ठरतं. जिल्हा परिषदेचे गट लोकसंख्येवर आखले जातात. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामीण संस्थांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला नव्वद टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळाला दहा. शाळा टिकणार की नाही हे पटावर ठरतं. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचं काय करायचं ही चर्चा निघाली की आमच्या जिल्ह्यात पोटात गोळा येतो, कारण अशा शाळा आमच्याकडे वाडीवाडीला आहेत.

डोक्यावर वाटप करणं अन्यायाचं आहे असं मी म्हणत नाही. लोकशाहीत माणूस मोजायचा, डोंगर मोजायचा नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या भूगोलाचं एक आहे, माणसं कमी झाली म्हणून अंतर कमी होत नाही. वाडीत चाळीस घरांत दिवे लागत होते तेव्हा जेवढे विजेचे खांब लागायचे, तेवढेच आज सहा घरांसाठी लागतात. साकव तेवढाच लांब आणि तेवढाच महाग. पहिलीतल्या मुलाची शाळा बंद करून त्याला तीन किलोमीटरवरच्या शाळेत घालणं नकाशावर सोपं दिसतं. जुलैच्या पावसात वहाळ ओलांडून जाणाऱ्या मुलाला ते सोपं नाही. मुलांच्या शाळेचा निर्णय पटाबरोबर पावसाळी वाट बघून व्हावा, आणि विरळ वस्तीच्या डोंगरी भागाला निधी देताना अंतराला आजच्यापेक्षा जास्त वजन मिळावं, ही मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत लावून धरायला हवी. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही नव्या गणनेची तारीख ठरली आहे. म्हणजे मोजदाद फेब्रुवारीच्या दिवसांतली. बागेतला नेपाळी रखवालदार तिथं असेल, आणि मी नसेन. गणपतीत मोजलं तर आकडा वेगळा येईल, पण तो खोटा असेल. पाणी टंचाईच्या दिवसांत जो हंडा उचलतो, तोच गावकरी.

सरकारकडे मागणं करणं सोपं असतं. आता आपल्याकडे वळतो, ‘आपल्याकडे’ म्हणजे आम्हा चाकरमान्यांकडे.

आम्ही गावात राहत नाही, पण गाव सोडतही नाही. देवळाचा जीर्णोद्धार कसा व्हावा हे मुंबईच्या मंडळाच्या बैठकीत ठरतं. शिमग्याची पालखी आधी कुणाच्या अंगणात, यावरून जे गावात नसतात तेच जास्त भांडतात. काहींची नावं मतदार यादीत इथंही असतात आणि तिथंही, जे कायद्याला मान्य नाही. निवडणुकीला बस भरून गावी जायचं, सरपंच निवडायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत. त्या सरपंचाकडे पाण्यासाठी जाणार भाऊ आणि वहिनी. ज्याला जिथं पाणी भरायचं आहे, त्यानं तिथं मत द्यावं, ही गोष्ट मला उशिरा समजली. मी गावच्या यादीतून माझं नाव काढून घेतलं तेव्हा आमच्या मंडळात मला ‘गाव तोडलंस’ असं ऐकवण्यात आलं.

पण मत ही लहान गोष्ट झाली. खरी गाठ सातबाऱ्यावर आहे. आमच्या जमिनीच्या उताऱ्यावर एकतीस नावं आहेत. त्यातली नऊ माणसं हयात नाहीत. उरलेल्या बावीसांपैकी चौदा मुंबई-ठाणे-विरारच्या पट्ट्यात, चार पुण्यात, तीन परदेशात. गावात एक, भाऊ. मेलेल्या नऊंचे वारस लावले तर आकडा साठीच्या पुढं जाईल. जमीन मात्र तेवढीच, अडीच एकर. प्रत्येकाच्या वाट्याला काय येतं हे मी बँकवाल्याच्या सवयीनं काढून पाहिलं आणि कागद फाडून टाकला. तेवढ्यात एक आंब्याचं झाड धड उभं राहणार नाही. आणि या तुकड्यासाठी कुणीच सही देत नाही, का, तर ‘उद्या भाव आला तर?’

दुसरी भीती कुळाची. जमीन कसायला दिली तर कसणाऱ्याचं नाव लागेल, म्हणून पडीक ठेवलेली बरी. म्हणून मळ्यात रान माजतं, रानडुकरं आणि माकडं येतात, आणि शेजारी जो कुणी भात लावत असतो त्यालाही ती जगू देत नाहीत. माझी पडीक जमीन ही माझ्यापुरती राहत नाही, ती शेजाऱ्याची शेतीही मारते.

या कुळाच्या भीतीपाशी मला सगळ्यात जास्त लाज वाटते, आणि त्याचं कारण सांगतो. ही अडीच एकर जमीन आमची पिढीजात नाही. माझे आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ खोताची कुळं होते. कसेल त्याची जमीन हा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या चौघांची नावं उताऱ्यावर लागली. का लागली? ते कसत होते म्हणून. जो गावात नव्हता, ज्याचा हात चिखलात नव्हता, त्याचा हक्क गेला आणि ज्याचा होता त्याला मिळाला. त्या न्यायानं आमच्या घरी भात आलं, आणि त्या भातावर वडील शिकले, मी शिकलो, बँकेत साहेब झालो. आता उताऱ्यावर नाव माझं आहे, चिखलात हात भाऊंचे आहेत, आणि मी त्यांना सांगतो, शिमग्याला बघू! खोत याहून वेगळं काय बोलत असेल?

वाट नाही असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहधारकांच्या संमतीनं वाटप करून घेता येतं. ज्याला जमीन नको त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. वारसांच्या नोंदी वेळेवर लावणं तर आपलं साधं कर्तव्यच आहे. शेतजमीन निर्धास्तपणे खंडानं देता यावी, मालकाचा हक्क जाऊ नये आणि कसणाऱ्याला कर्ज मिळावं, यासाठी नीती आयोगानं २०१६ मध्ये राज्यांपुढं एक आदर्श कायदा ठेवला होता. आपल्या आमदारांनी त्याचा कोकणाच्या अंगानं विचार करायला हवा. पण कायदा होईपर्यंत वाट बघायचं कारण नाही. सही करायला कायदा लागत नाही, पेन लागतं.

मी माझ्या वाचकांना गावी परत जा असं सांगणार नाही. मीच गेलो नाही. गाव म्हणजे मूळ, गाव म्हणजे माती, असली वाक्यंही लिहिणार नाही. ती आम्ही लेखकांनी पुष्कळ लिहिली आणि मुंबईत बसून लिहिली. माझं मागणं लहान आहे. तुमचं गाव कोकणात असो, साताऱ्यात असो की विदर्भात, येत्या सुट्टीत एकदा आपला सातबारा काढून समोर ठेवा. त्यावर किती नावं आहेत, आणि त्यातलं कोण तिथं राहतं, एवढं मोजा. सरकारची जनगणना होईल तेव्हा होईल. ही आपल्या घरची जनगणना अर्ध्या तासात होते.

माझं सांगायचं तर शिमग्यापर्यंत मला थांबवेना. दिवाळीनंतर एकटाच गाडीनं राजापूरला उतरलो, घरी गेलो. भाऊंनी न बोलता पिशवीतून तोच कागद काढला. मी सही केली. वहिनींनी चहा ठेवला. मी विचारलं, किती झाल्या? भाऊ म्हणाले, "तुझी धरून सात." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तू बँकेत होतास ना, बाकीच्यांना तुझं ऐकू येईल. यादी घेऊन जा."

यादी माझ्या टेबलावर आहे. आठवड्यातून दोन फोन करतो. बहुतेकजण म्हणतात, "गणपतीत भेटू तेव्हा बघू." मी त्यांच्यावर रागावू शकत नाही, कारण ते वाक्य मला पाठ आहे. आजवर अकरा सह्या झाल्या आहेत.